लाँच रद्द झाली हे तुम्हाला कुठे कळतं? घरी, रिक्षात, की थेट धक्क्यावर?

किहीमकर
मांडवा-गेटवे, रेवस-भाऊचा धक्का, मोरा-भाऊचा धक्का, यांपैकी कुठल्याही मार्गाने अलिबाग-उरणकडून लाँचने मुंबईला नेहमी जाणाऱ्यांसाठी हा धागा. दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी आणि गोव्याच्या फेरीबोटीवाल्यांनीही लिहा. परदेशस्थांनी तर लिहाच. तिकडे कसं चालतं ते सांगितल्याशिवाय आपल्याकडे कोणी ऐकून घेत नाही.

प्रश्न साधा आहे. लाँच उशिरा सुटणार आहे किंवा सुटणारच नाही, हे तुम्हाला कोण सांगतं आणि कधी? मांडव्याहून मुंबई समुद्रमार्गे तासाभराची. तीच रस्त्याने वडखळ-पेण-पनवेल करत शंभरावर किलोमीटर. म्हणजे "आज लाँच नाही" हे सहाला घरी कळलं तर माणूस गाडी काढून दहापर्यंत ऑफिसात पोचतो. तेच आठला धक्क्यावर कळलं तर रजा टाकतो.

गेल्या आठवड्यात एका तिकीट खिडकीवर चिकटवलेला कागद बघितला. "खराब हवामानामुळे सेवा पुढील सूचना मिळेपर्यंत बंद राहील. आदेशावरून." खाली तारीख नाही, वेळ नाही, सही नाही, फोन नंबर नाही. कागदाच्या कडा पिवळ्या पडलेल्या. तो आजचा होता की गेल्या वर्षीचा, हे खिडकीतल्या माणसालाही विचारावं लागलं. त्याने मान बाहेर काढून कागद वाचला आणि म्हणाला, "हा? हा जुना. आज चालू आहे."

चहाबाज
रिक्षात. रिक्षावाला सांगतो. पण मांडव्याला पोचल्यावर.

सुरंगी
आमच्या पासवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तोच आमचा कंट्रोल रूम. पहिल्या लाँचला जो आधी पोचेल त्याने "आली" किंवा "नाही" असा एक शब्द टाकायचा. बाकीचे तो वाचून घराबाहेर पडतात. पहिल्या माणसाचं काय, हा प्रश्न विचारू नका, तो बिचारा दूधवाला आहे आणि त्याला तसंही पहाटे जावंच लागतं.

पण या ग्रुपचाच एक ताप आहे. दर पावसाळ्यात "उद्यापासून लाँच सेवा पूर्ण बंद, सर्वांना कळवा" असा एक मेसेज फिरतो. मेसेजमधल्या "उद्या"ला वर्ष नसतं. कोणाच्या तरी मामेभावाने तीन वर्षांपूर्वी टाकलेला असतो, तो आत्येभावाकडून परत येतो. माझ्या सासूबाईंनी त्यावर विश्वास ठेवून डॉक्टरांची वेळ रद्द केली होती. त्या दिवशी समुद्र तळ्यासारखा शांत आणि लाँच रिकाम्या.

डेकवर_उभा
मी रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या मोठ्या बोटीने जातो. तिथे ऑनलाइन बुकिंग असल्यामुळे मोबाइल नंबर त्यांच्याकडे असतो, त्यामुळे फेरी रद्द झाली की मेसेज येतो. २०२०च्या मार्चमध्ये भाऊचा धक्का-मांडवा रो-रो सुरू झाल्यापासून निदान एवढा फरक पडलाय.

लाँचचं तसं नाही. खिडकीवर रोख पैसे, हातात कागदाचा चिटोरा, तो दाखवून बोटीत. तुमचं नाव नाही, नंबर नाही. उद्या सकाळी कोण येणार हे कंपनीला माहीतच नाही, तर मेसेज पाठवणार कोणाला? आपण "कळवत नाहीत" म्हणून ओरडतो, पण कळवायला पत्ता लागतो.

किहीमकर
@डेकवर_उभा, मान्य. पण पासवाल्यांचं काय? पास काढताना फोटो, आधार, फोन सगळं घेतात. तो नंबर पास संपल्यावर "नूतनीकरण करा" सांगायला बरोबर वापरतात.

डेकवर_उभा
हा मुद्दा बरोबर. पुढचं मी बोलत नाही.

नाखवा_जुना
थोडं दुसऱ्या बाजूनेही ऐका. आमच्या घरात दोन पिढ्या लाँचवर सारंग, म्हणजे लाँच चालवणारे होते, म्हणून लिहितोय.

लाँच सोडायची की नाही हे मालक ठरवत नाही, निदान हवामान बिघडल्यावर तरी नाही. हवामान खात्याकडून इशारा येतो, बंदरावर बावटा, म्हणजे धोक्याची नंबरवार खूण लागते. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ लांब आहे, नजर ठेवा. तीन नंबर लागला म्हणजे खुद्द बंदरावर वादळी वारा येण्याची शक्यता. तीनचा लागला की लहान बोटी बंद. तो बावटा साडेपाचला लागेल की दुपारी दोनला, हे आदल्या रात्री कोण सांगणार? पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे, पण तिथवर वेळ आली तर धक्क्यावर येणारा प्रवासी नाही, येडा म्हणायचा.

दुसरं म्हणजे, आदल्या रात्री "उद्या बहुतेक नाही" असं सांगितलं आणि सकाळी ऊन पडलं, की हेच प्रवासी शिव्या घालतात. "उगाच आमचा दिवस घालवला." हे मी कानांनी ऐकलंय. त्यामुळे लाँचवाले तोंड उघडत नाहीत. गप्प बसलं की चूक निघत नाही.

बोका_रेवसचा
नाखवा, अकरा नंबरचा बावटा असतो का हो? लहानपणी आजोबा म्हणायचे.

नाखवा_जुना
असतो. अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला, वादळाचं काही कळत नाही, पण हवा वाईट येईल असं बंदराच्या अधिकाऱ्याला वाटतंय.

बोका_रेवसचा
म्हणजे आमच्या तिकीट खिडकीवर बारमाही अकरा नंबर लावायला हरकत नाही.

चहाबाज
खल्लास. धागा इथेच बंद करा.

मी_उरणकर
बंद कशाला, आमचं तर अजून सुरूच झालं नाही. तुम्ही मांडव्याचे लोक वाऱ्यापावसाचं बोलता. आमच्या मोऱ्याला आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो आणि लाँच तरी बंद असते. का? तर सुकती, म्हणजे ओहोटी. मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळ एवढा साचतो की मोठ्या ओहोटीला लाँच लागतच नाही. भाऊच्या धक्क्यावर बसा, पाणी चढेपर्यंत चणे खा.

आता गंमत बघा. उधाणाचे दिवस म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. मुंबईला त्या दिवसांत भरती येते दुपारी बाराच्या सुमारास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या. म्हणजे नेमक्या कामावर जायच्या आणि कामावरून यायच्या वेळेला पाणी सर्वांत खाली. महिन्यातून दोनदा, न चुकता, आमच्या आजोबांपासून.

नाखवा म्हणतात की आधी कसं सांगणार. वादळाचं ठीक आहे. ओहोटीचं काय? ती काय हवामान खात्याला विचारून येते?

सुरंगी
बावटा आणि ओहोटी एकाच कागदावर "पुढील सूचना मिळेपर्यंत" म्हणून चिकटवतात, हाच तर घोळ आहे.

नाखवा_जुना
उरणकर, तुमचं पटलं. त्यात वाद नाही. आमचे आजोबा घड्याळ न बघता सांगायचे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण सुकती. शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण लाँच रुतेल की नाही हे सांगायला तेवढं पुरतं. कोळीवाड्यातलं पोरगंसुद्धा हे सांगेल.

अनुस्वार
छान माहिती. मी गेल्या तीन महिन्यांचे तक्ते काढून ताडून बघितलं, मुंबईसाठी खरंच जुळतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. एका तिथीचा काळ दिवसापेक्षा थोडा कमी असतो, म्हणून हिशेब पक्षभर फारसा बिघडत नाही. (कोकणात खाली किंवा गुजरातेत हाच गुणाकार लावू नका, तिथे वेळा बदलतात.)

मी_उरणकर
आणि महापालिका बघा. दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वर भरती येणार ते सगळे दिवस वेळेसकट पेपरात जाहीर करते, कारण तेव्हा जोराचा पाऊस आला तर मुंबई तुंबते. भरतीची यादी चार महिने आधी देता येते तर ओहोटीची का नाही? एकाच पुस्तकातले आकडे आहेत. पान उलटायचा प्रश्न आहे.

तायडी
उरणच्या स्थानिक पेपरात येतं की अधूनमधून. "ओहोटीमुळे इतक्या ते इतक्या वाजेपर्यंत मोरा-मुंबई जलवाहतूक बंद."

मी_उरणकर
येतं ना ताई. त्याच दिवशी सकाळी. पेपर हातात घेऊनच धक्क्यावर उभा असतो मी.

पावसाळी_सिएटल
इकडचं लिहितो, उरणकरांच्या मुद्द्याला धरून.

वॉशिंग्टन राज्याच्या सरकारी फेऱ्या आहेत, बरीच मराठी मंडळी बेटांवर फिरायला जातात. पोर्ट टाउनसेंड ते कूपव्हिल असा एक मार्ग आहे. कूपव्हिलच्या बाजूचं बंदर उथळ, तोंड अरुंद आणि बाहेर प्रवाहाला जोर. त्यामुळे खूप खालच्या ओहोटीला किंवा प्रवाह जोरात असताना फेरी आत घेता येत नाही. म्हणजे तुमचं मोराच. फरक एवढाच, की इथे ओहोटीमुळे रद्द होणाऱ्या फेऱ्या हंगामाच्या वेळापत्रकातच छापलेल्या असतात. अमक्या तारखेला अमकी फेरी नाही. ते वाचून लोक बुकिंगच करत नाहीत, त्यामुळे चिडायचा प्रश्न येत नाही.

बाकी अकस्मात काही झालं तर ईमेल आणि मेसेज येतो. आपण कुठल्या मार्गाने जातो ते आधी नोंदवायचं. बोट आत्ता पाण्यात कुठे आहे हे नकाशावर दिसतं, धक्क्यावरच्या गाड्यांची रांगही कॅमेऱ्यातून दिसते. एवढं असून लोक वैतागतातच. कोविडनंतर खलाशांची टंचाई झाली, एक माणूस आजारी पडला की नियमाप्रमाणे बोट हलवता येत नाही, फेरी रद्द. मेसेज वेळेवर येतो, बोट येत नाही.

बोका_रेवसचा
आमच्याकडे बोट नसली तर मेसेजही नसतो. सगळ्यांना समान वागणूक.

उत्तरेकडची
स्वीडनमधून. युरोपात याचा कायदाच आहे, २०१०चा, जलप्रवाशांच्या हक्कांचा. फेरी रद्द झाली किंवा उशीर होणार असेल तर शक्य तितक्या लवकर सांगायचं, आणि काही झालं तरी सुटायच्या ठरलेल्या वेळेनंतर तीस मिनिटांच्या आत. नव्वद मिनिटांपेक्षा जास्त उशीर असेल तर दुसरी सोय करा नाहीतर पैसे परत द्या, आणि तिष्ठत ठेवलंत तर शक्य असेल तिथे खायला-प्यायला द्या. पोचायला फारच उशीर झाला तर तिकिटाच्या पाव हिश्शापासून भरपाई. हवामानामुळे झालं असेल तर मात्र भरपाई नाही. सांगण्याचं बंधन तेव्हाही सुटत नाही.

मला यातलं सर्वांत आवडतं कलम म्हणजे कंपनीला कारण माहीत असो-नसो, तोंड उघडावंच लागतं. नाखवाकाकांनी लिहिलंय ना, गप्प बसलं की चूक निघत नाही. इथे गप्प बसणं हीच चूक धरतात.

चहाबाज
उशीर झाला तर खायला? भाऊच्या धक्क्यावर? बोंबलाची कोशिंबीर चालेल का?

तायडी
मला चालेल. पोळी कोण देणार?

कुडाळचो_झील
तुमी सगळे मोबाइलाचा सांगतास. आमच्या तरीक खयचा टाइमटेबल? ह्या काठार उभ्या रवान कुकारो घालूचो. तारी आयकता नि येता. नाय इलो तर समजायचा जेवक बसलो हा.

किहीमकर
झीलभाऊ, हीच खरी थेट सेवा.

मांडवीकाठ
गोव्याहून. आमच्या फेरीबोटी सरकारी, नदी परिवहन खात्याच्या. पायी जाणाऱ्याला फुकट. नदी ओलांडायला काही मिनिटं, त्यामुळे "उशीर" हा प्रकार दिवसा कोणाला जाणवत नाही. एक गेली, दुसरी येते. खरी पंचाईत दोनापैकी एक बोट बिघडली की. रायबंदर-चोडणला सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळी रांग लागते, आणि दुसऱ्या बाजूने जायचं तर डिचोलीकडून मोठा वळसा. त्या वेळी खात्याकडून काही कळण्याआधी बेकरीवाल्या पोदेराकडून कळतं, कारण तो पहाटे ओलांडून आलेला असतो.

आमचा एक शेजारी फेरीवर खलाशी होता. तो म्हणायचा, लोक मला विचारतात "कधी सुटणार", मी म्हणतो "भरली की". खरं उत्तर तेच होतं.

लाटकर
तुम्ही सगळे जाण्याचं बोलताय. येण्याचं कोणी बोलत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन मुंबईला गेलो, डोळ्यांची तपासणी. सकाळची लाँच व्यवस्थित. येताना परतीचं तिकीट खिशात. चारला गेटवेला आलो तर खिडकी बंद, पुढे पत्र्याचं बॅरिकेड, आतला माणूस पाठमोरा हिशेब करतोय. दोन-तीनदा हाक मारल्यावर न वळता म्हणाला, "दुपारपास्नं बावटा लागलाय, उद्या या." उद्या? आईच्या डोळ्यांत औषध घातलेलं, तिला समोरचं धड दिसत नाही, आणि हा म्हणतो उद्या. शेवटी टॅक्सीने सीएसएमटी, लोकलने पनवेल, तिथून एसटीने अलिबाग. घरी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तिकिटाचे पैसे मिळाले, पण दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा, आणि ते मागून. कंपनीचं नाव लिहीत नाही.

बावटा लागला याबद्दल माझी तक्रार नाही. बोट बुडवून घ्यायची हौस कोणाला आहे? पण सकाळी तिकीट देताना त्या खिडकीवरच्या माणसाने नुसतं म्हणायचं होतं, "काका, संध्याकाळचं काही खरं नाही, हवा बदलतेय." किनाऱ्याचा अंदाज सकाळी आलेलाच असतो. मी आईला नेलंच नसतं. डोळे काय, चार दिवसांनी तपासले असते.

सुरंगी
लाटकर, हे वाचून जीव कळवळला. आणि हे नेहमीचं आहे. मे अखेरीला लाँच बंद व्हायच्या आधीचे ते आठ-दहा दिवस सर्वांत बेभरवशाचे. एकदा बंद झाल्या की ऑगस्टअखेरपर्यंत निदान चित्र स्पष्ट असतं.

नाखवा_जुना
तिकीट विकताना "परतीचं खरं नाही" म्हणायला मालकाने सांगायला हवं. खिडकीवरचा पोरगा आपणहून म्हणेल तर मालक त्यालाच घरी बसवेल, की गिऱ्हाईक पळवलंस म्हणून. पोरांवर राग काढू नका एवढंच.

लाटकर
पोरावर राग नाही हो. निदान त्याने वळून बोलायचं होतं.

दर्याकाका
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. माझं वय बघता मला आगबोटीचं आठवणार हे तुम्ही गृहीत धरलं असेलच.

मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. बहुतेक ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राहायची आणि आपण पडावातून तिच्यापर्यंत जायचं. कधी येणार? एजंटाच्या पेढीवर विचारायचं. तो सांगणार, "मुंबईहून सुटल्याची तार आहे." पुढे काय ते दर्या जाणे. मग पुळणीवर वळकट्या टाकून रात्र काढायची. भोंगा ऐकू आला की सगळं गाव धावतं. आम्हाला त्यात अन्याय वाटत नसे, कारण दुसरा रस्ता नव्हताच. तुम्हाला राग येतो कारण वडखळचा रस्ता आहे, आता तर अटल सेतू आहे, आणि वेळेवर कळलं असतं तर तो धरता आला असता. माझ्या मते राग रास्त आहे.

आणि एक. 'रामदास' बोट १९४७च्या १७ जुलैला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. सकाळची घटना, मुंबईला कळायला दुपार उलटली. माझ्या वडिलांचे मित्र त्यात होते. त्यामुळे "बावटा आहे, आज नाही" असं कोणी म्हणालं की आमच्या घरात कोणी उलट बोलत नसे. तुमची पिढी बावट्यावर चिडत नाही, उशिरा सांगण्यावर चिडते, हे लाटकरांनी स्पष्ट केलं ते बरं झालं.

तायडी
काका, नमस्कार. लिहीत राहा.

गोरेगावचा_पर्यटक
मी वर्षातून एकदा अलिबागला जातो. एक प्रश्न. तिकीट गेटवे ते अलिबाग असतं, त्यात मांडव्याहून बसही असते. लाँच उशिरा आली तर बस थांबते का?

चहाबाज
बस थांबते. सीगलही थांबतात. लाँच कधी येणार हे त्यांना सर्वांत आधी कळतं, कारण तुमच्यासारखे पर्यटक गाठ्यांची पाकिटं घेऊन येतात.

गोरेगावचा_पर्यटक
:) यंदा गाठ्या आणणार नाही.

कायदेपंडित_नाही
तंत्रज्ञानावर फार भिस्त ठेवू नका. मेसेज आला म्हणजे काम झालं असं होत नाही. "तांत्रिक कारणास्तव फेरी रद्द" यावरून मी काय ठरवू? पुढची जाणार का? की आज काहीच नाही? मला मेसेजमध्ये एकच गोष्ट हवी असते: पुढे काय होणार हे किती वाजता सांगाल. "साडेनऊला पुन्हा कळवू" एवढं लिहिलं तर मी साडेनऊपर्यंत चहा पिईन, खिडकी ठोठावणार नाही. त्यांचाही त्रास वाचेल.

डेकवर_उभा
हे फार योग्य. मला रो-रोचे मेसेज येतात म्हटलं, पण बहुतेकांत तेच नसतं.

नाखवा_जुना
साडेनऊला सांगायचं तर साडेनऊला कोणीतरी ठरवलेलं हवं. तरी बरोबर आहे. निदान "अजून बावटा उतरला नाही" हे तर सांगता येईल.

व्यवस्थापक
विजयदुर्गच्या रो-रोबद्दलचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. राजकारण तिकडे. बोंबील इथे राहू द्यायला हरकत नाही.

किहीमकर
धागा वर काढतोय. लाँच परत सुरू झाल्यात.

मधल्या काळात उरणकर, अनुस्वार आणि मी फोनवर बोललो. बावट्याचं आपल्या हातात नाही, लाँच बिघडणं तर नाहीच नाही. पण ओहोटीचं आहे. म्हणून मोऱ्यासाठी एक तक्ता केलाय. भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यातून ज्या दिवशी सकाळी पाच ते नऊ किंवा संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात खालची ओहोटी येते ते दिवस लाल केले. डिसेंबरपर्यंतचा एका पानात मावला. भाऊच्या धक्क्यावरच्या पानवाल्याने तो टपरीवर लावू दिला. खिडकीवरही एक दिला, पण "वरून परवानगी लागेल" म्हणाले, तेव्हा ती मागणी बंदर अधिकाऱ्यांकडे लेखी दिली आहे. अर्जात दोनच गोष्टी मागितल्या. ओहोटीच्या बंद फेऱ्या महिना आधी वेळापत्रकात छापाव्यात. आणि खिडकीवर लावल्या जाणाऱ्या प्रत्येक कागदावर तारीख, वेळ आणि पुन्हा कधी कळवणार ते लिहावं.

लाटकर
तिसरी घाला. परतीचं तिकीट देताना इशारा असेल तर तोंडी सांगावं.

किहीमकर
घातली. पुरवणी अर्ज देतो.

मी_उरणकर
पानवाल्याच्या तक्त्याचा पहिला परिणाम: परवा पौर्णिमा होती, आमच्या लाँचमधले चार जण सीएसएमटीहून लोकलने नेरूळला आणि तिथून उरण लोकलने गेले. २०२४पासून रेल्वे आहे म्हणून जमतं. लाँचवाला मला म्हणाला, "तुम्ही गिऱ्हाईक कमी करताय." म्हटलं, चणेवाल्याचं केलंय, तुमचं नाही.

नाखवा_जुना
तक्ता बघितला, चांगला आहे. एक सुधारणा. लाल वेळेच्या आधी-नंतर अर्धा तास जास्त धरा. तक्त्यातला आकडा पाण्याचा आहे, गाळाचा नाही. गाळ उपसला की जागा होते आणि पावसाळा गेला की पुन्हा भरते. आणि हाच तक्ता रेवसला लावू नका, तिथली खाडी वेगळी, तिथे लाँच किती पाण्यात लागते ते तिथल्या सारंगाला विचारूनच लिहा.

अनुस्वार
अर्धा तास वाढवतो. रेवसचं कोण करतंय?

बोका_रेवसचा
सारंगाला मी विचारतो, शेजारीच राहतो. तिथ्यांचं तेवढं कोणीतरी बघा, आमचं कालनिर्णय आईने चुलतीकडे दिलंय.

चहाबाज
मी आणतो माझं. रविवारी रेवस बंदरावर. दुपारी या, वद्य पंचमी आहे, पाणी चढतं असेल.